माप

तपासणी दारापासूनच सुरू होते,
नाव विचारायच्याही आधी:
माणूस कुठल्या पायावर भरवसा टाकतो,
वळताना भिंतीला बोट लावतो का,
खुर्चीत बसतो की खुर्चीत पडतो.

दोसिंदा आली ती रबरी बूट घालूनच.
दारापासून टेबलापर्यंत चौदा पावलं,
डावं पाऊल दर वेळी चिखलातून उपसून काढल्यासारखं.
माझ्या खोलीत तर कोरडी फरशी.
मी लिहिलं: चाल रुंद, नजर खाली.
ती म्हणाली, 'वर बघून चालणाऱ्या बाईला
आजवर तिसरी सापडली नाही.'

एक्केचाळीस वर्षं आरोसाच्या खाडीत,
ओहोटीच्या मागोमाग आत,
भरतीच्या पुढे पुढे बाहेर,
हातात दाताळं, कमरेत घडी.

गुडघे दोन्ही एकदम उघडे करायचे असतात,
एक दुसऱ्याचा साक्षीदार.
तळवा ठेवला. डावा गरम,
कोंबडीखालून काढलेल्या अंड्याइतका.
वाकवला तर आत वाळू करकरली.
'ती वाळू माझी नाही, खाडीची.
लिहू नकोस, परवाना मागतील.'

बोटांच्या पेरांना गाठी.
अंगठी साबण लावून कधीच काढलीय,
ती गळ्यात, दोऱ्यात, ओवाळलेल्या दिव्यासारखी नाही,
हरवू नये म्हणून बांधलेल्या किल्लीसारखी.
'माझी बोटं दाबा,' म्हटलं, 'आहे नाही तेवढा जोर लावून.'
ताकद आम्ही शून्य ते पाच मोजतो.
तिने दाबली,
आणि पुढची दोन वाक्यं मला डाव्या हाताने लिहावी लागली.
पाच.
सहाचा रकाना नाही.

दुखणं किती, शून्य ते दहात?
तिने खिडकीकडे पाहिलं.
'कुठल्या महिन्यातलं?'

'आता पुढे वाका.'
वाकली. गुडघे न मोडता, तळवे फरशीवर सपाट,
एकोणसत्तराव्या वर्षी.
खाली गेल्यावर तिचा चेहरा सैल झाला,
उंबऱ्यात चपला काढल्यावर होतो तसा.
'आता सरळ व्हा.'

वेळ लागला.
आधी हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर,
मग एकेका मणक्याला विचारत विचारत,
हा येतोस का, तू येतोस का.
मी पुढे झाले नाही. या वेळी फक्त बघायचं असतं,
हात मागे बांधून बघायचं.
सतरा सेकंद.
कागदावर कोनासाठी चौकट आहे.
सतरा सेकंद मी समासात लिहिले.

उंची सगळ्यात शेवटी.
टाचा भिंतीला टेकल्या, डोकं टेकेना.
भिंत आणि तिचं डोकं यांच्यामध्ये
माझी मूठ सहज मावली.
जुन्या नोंदीत एकशे अठ्ठावन्न,
आज एकशे त्रेपन्न.
'पाच सेंटिमीटर कमी भरलात,' मी म्हटलं,
मग हाडांच्या विरळ होण्याबद्दल, पोन्तेवेद्राच्या मशीनबद्दल,
घरातल्या सैल गालिच्यांबद्दल बोलत राहिले.

तिने एप्रनच्या खिशातून पितळी कडं काढलं,
तिसऱ्या मोजायचं.
एक डोळा मिटून त्यातून माझ्याकडे पाहिलं.
'यातून आरपार जाते ती लहान.
लहान निघाली तर परत पाण्यात सोडायची. कायदा आहे.'
कडं टेबलावर ठेवलं, माझ्या कोनमापकाशेजारी.
'मग?'

मला हसू आलं, पण उशिरा,
तोवर ती बूट ओढत दारापर्यंत पोचली होती.
तिथून वळून म्हणाली,
'लिहिताना उजवा खांदा खाली सोडतेस.
कुणाला उचललंस?'
मी म्हटलं, खूप जणांना.
'एकीचं नाव सांग.'
मला एरुन्दिना आठवली, नऊ नंबरची खाट,
पाणी प्यायला उठवलेली, पहाटे.
मी काहीच बोलले नाही.
पावणेपाचला ओहोटी होती. ती गेली.
कडं टेबलावरच.

दार लावलं.
टाचा भिंतीला टेकवल्या.
पट्टी डोक्यावर ओढून घ्यायला
उजवा हात वर नेला,
आणि तो कानापर्यंत जाऊन थांबला.